जुनी जिप्सी घेताय? आधी खाली वाका, मग बॉनेट उघडा

जुनी मारुती जिप्सी बघायला गेलेला माणूस बहुतेक वेळा एकच चूक करतो: बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत बसतो. इंजिन महत्त्वाचं आहेच, पण या गाडीत तो सगळ्यात कमी डोकेदुखीचा भाग. 1985 चं 970 सीसी असो की 1996 नंतरच्या जिप्सी किंगमधलं 1.3 लिटर, इंजिन उतरवून बांधून देणारे मिस्त्री सापडतात. सडलेली चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मात्र नवी करून मिळत नाही.

चकचकीत काळ्या तळाला भुलणं

गाडीखाली ताजा काळा कोट दिसला की लोक खूश होतात, ‘मालकानं निगा राखलीय’ म्हणतात. मला तर शंकाच येते. विकायच्या आठवड्यात मारलेला कोट गंज थांबवायला नसतो, झाकायला असतो.

चेसिसच्या पट्ट्या आतून पोकळ असतात. चिखल, वाळू भोकांतून आत जाऊन बसते आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. म्हणून नुसतं बघू नका, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. धड पत्रा टणटणतो, सडलेला बद्द वाजतो. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे चेसिसला टांगलेत तिथे आणि मागच्या चाकांच्या वरच्या भागात जास्त वेळ घालवा. बॉडी ज्यांवर टेकते त्या रबरी बुशांजवळही ठोका. मालकाची परवानगी घेऊन स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. आत गेलं, तर किमतीची घासाघीसही करू नका, निघा.

कोकणात किनाऱ्यावर फिरवलेली गाडी असेल तर हे दुप्पट लक्ष देऊन करा. वाळूत जिप्सी पळवायची मजा येते, पण नंतर खालून गोड्या पाण्यानं धुणारे थोडे.

आत मॅट उचला. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे आणि बॅटरीचा ट्रे या गंजाच्या ठरलेल्या जागा. बाहेरून लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

‘बॅलन्सिंग केलं की जाईल’

साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं की विकणाऱ्याचं उत्तर तयार असतं. कधी खरंही असतं. पण एक पुढचं चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचं. दोन्ही दुरुस्त होतं, फक्त तो खर्च तुमच्या खिशातून जायला नको.

चाक वर आहेच तर त्याच्या मागचं गोल नकल (knuckle, चाक वळवणारा सांधा) हेही बघा. थोडं ग्रीस ओघळलेलं असणं चालतं. पातळ तेल गळत असेल आणि त्याला गिअर ऑइलचा उग्र वास असेल, तर ॲक्सलचं आतलं सील गेलंय.

फोर बाय फोर न लावताच सौदा करणं

कित्येक जिप्स्यांचं फोर बाय फोर वर्षानुवर्षं लागलेलंच नसतं. जॅक तसाच ठेवून, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) टू-व्हीलमध्ये असताना दोन्ही पुढचे हब, म्हणजे चाकं ॲक्सलला जोडणारी कुलपं, लॉक करा आणि उचललेलं चाक हातानं फिरवा. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसपासून पुढच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) फिरला पाहिजे. नाही फिरला, तर निदान एक हब कामातून गेलेला आहे.

मग मोकळ्या मातीत फोर-लो (फोर बाय फोरचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) टाकून चालवा, एक्सलेटर दाबा-सोडा. ट्रान्स्फरचा गिअर-दांडा उडून बाहेर आला, तर ट्रान्स्फर केस उघडावी लागणार. हे कोरड्या डांबरी रस्त्यावर वळणं घेत करू नका. या गाडीला पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा मधला डिफरन्शिअल नाही, सगळा ताण शाफ्ट-गिअरवर येतो.

इंजिन गार असतानाच बघायला जा. तुम्ही पोचायच्या आधीच बॉनेट गरम असेल, तर स्टार्टिंगची अडचण लपवली जातेय असं धरा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल, तर तो बदलायचाच धरून किंमत बोला.

कागद शेवटी बघणं

लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीची आरसीवरची नोंदणी तारीख बनावटीच्या वर्षापेक्षा बरीच उशिराची असू शकते. तारीख पाहून वय ठरवू नका. डिझेल इंजिन बसवलेलं असेल आणि आरसीवर पेट्रोलच असेल, तर पासिंगला आणि विम्याच्या दाव्याला अडणार. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीला पुनर्नोंदणी लागते, महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. तो भरलाय का, हे विचारा.

चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं घासा, छाप आरसीशी ताडून बघा. नंबराच्या आसपास वेल्डिंग किंवा ग्राइंडरचे ओरखडे दिसले, तर गाडी फुकट देत असले तरी नको.