प्रवाळांची टाकी: पाण्यातल्या या चुका टाळा

मागे एका मे महिन्यात आठवडाभर गावी गेलो होतो. घरात माझी समुद्री मासे आणि प्रवाळांची काचेची टाकी आहे. पाणी गार राहावं म्हणून टाकीवर पंखा सुरू, म्हणजे रोज चारेक लिटर पाणी उडणार. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं, "रोज या खुणेपर्यंत पाणी घाला, बाकी कशाला हात लावू नका." बाल्कनीत दोन निळे ड्रम. एकात गोडं पाणी, दुसऱ्यात मीठ कालवून ठेवलेलं. कोणत्यात काय, हे फक्त मला माहीत. काकूंनी बोट बुडवून चव घेतली आणि समुद्राचे मासे म्हणून इमानेइतबारे खारं पाणी घातलं.

पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. माझ्या टाकीत दगड वगळता १८० लिटर पाणी मावतं. लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर त्यात सव्वासहा किलो मीठ असतं. सात दिवसांत काकूंच्या हातून त्यात आणखी किलोभर पडलं. परतलो तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र, ३५ च्या जागी ४० दाखवत होता, क्लाउनफिश (नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे) कोपऱ्यात धापा टाकत होते आणि झोआ (फुलांसारखे दिसणारे, प्रवाळांचे मऊ नातेवाईक) मुठी आवळल्यासारखे मिटले होते.

अशा वेळी घाबरून बादलीभर गोडं पाणी ओतलं तर उरलेलंही जातं. मी रोज साडेचार लिटर खारं पाणी काढून तेवढंच गोडं घातलं. दिवसाला एक अंक उतरला आणि पाचव्या दिवशी ३५ वर आलो. चूक काकूंची नव्हती, ड्रमांवर नाव न लिहिणाऱ्याची होती. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं पाणी घालायचं. खारं पाणी लागतं ते फक्त पाणी बदलताना. आणि रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका. ३५ च्या द्रावणावर तो अधूनमधून जुळवून घ्या.

गोडं म्हणजे कुठलं?

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालतं, हा मोठा गैरसमज आहे. चवीसाठी त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज बसवलेलं असतं. मीटर लावून बघा, बऱ्याचदा ५० च्या वरच येतं. आपल्याला शून्य हवं, म्हणून आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज लागतं. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचा तर विचारच नको.

"समुद्र दारातच आहे, मग मीठ विकत कशाला?" हा प्रश्न मुंबईत हमखास येतो. चौपाटीच्या पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळतं, शिवाय पावसाळ्यात तिथला खारेपणाही उतरतो. बाजारातलं सॉल्ट मिक्स घ्या, बादलीत पंप लावून दिवसभर फिरू द्या आणि मगच वापरा. जिवंत मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ थेट टाकू नका.

घाई

दगड, वाळू, पाणी झालं की चार ते सहा आठवडे मासा आणायचा नाही. या काळात माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया खाणारे जिवाणू वाढतात. त्यांच्या खाण्यासाठी बाजारातली एक सोललेली कोळंबी जाळीत घालून टाकीत सोडा, ती कुजून अमोनिया देते. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट. पहिले दोन शून्यावर उतरले की टाकी तयार. मध्येच वाळूवर तपकिरी थर चढेल. तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि आपोआप जातो, त्यावर औषध ओतू नका.

उन्हाळा आणि वीज

प्रवाळांना २५–२६ अंश मानवतात. पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा जेवढं काम करतो तेवढं मुंबईच्या दमट हवेत करत नाही. किनारपट्टीला राहत असाल तर पाणी थंड करणाऱ्या चिलरचे पैसे आधीच बाजूला काढा.

खाली सम्प, म्हणजे गाळणी-पंपाची दुसरी टाकी, असेल तर सगळं मांडल्यावर मुद्दाम पंप बंद करून बघा. वीज गेली की वरचं पाणी पाइपातून उलटं खाली येतं. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपाला छोटं भोक नसेल, तर सायफन तुटत नाही आणि रात्री दोनला हॉलभर खारं पाणी. वेव्हमेकर (टाकीत पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप) इन्व्हर्टरवर घ्या. प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबू द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटात जाणार नाही. शॉक लागू नये म्हणून वीज तोडणारा आरसीसीबी स्विच हवाच.

हात शिवशिवणे

अल्कलिनिटी, म्हणजे प्रवाळ सांगाडा बांधायला वापरतात त्या कार्बोनेटचं पाण्यातलं प्रमाण, ८ ते ९ डीकेएच (त्याचं एकक) च्या आसपास असली की बास. ती साडेसात दिसली म्हणून एका रात्रीत दहावर नेली, तर प्रवाळांचं मांस सांगाड्यावरून सुटायला लागतं. जे मोजत नाही ते टाकीत घालू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणायचा हट्टही अंगाशी येतो: प्रवाळ उपाशी राहतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचे चिकट, बुडबुडेवाले धागे पसरतात.

कुठून आणता?

२००१ पासून दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला पांढरा तुकडाही खिशात घालू नका. टाकीसाठी दगड सिरॅमिकचे घ्या. प्रवाळ विकताना "कायदेशीर पेपर आहेत" असं दुकानदार म्हणाला तर ते बघायला मागा. क्लाउनफिश बंदिस्त पैदाशीतले मिळतात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र आपल्याकडे कधीच बसवलंय. ते घ्या, ते खाण्याला सरावलेले असतात.

आणि एक, हे गमतीत घेऊ नका. नको असलेले झोआ मारायला दगड उकळत्या पाण्यात टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. ते वाफेबरोबर हवेत येतं आणि घरातली सगळी माणसं ताप, खोकला, धाप घेऊन दवाखान्यात पोचतात. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि त्रास झालाच तर डॉक्टरांना "पॅलिटॉक्सिन" हे नाव आधी सांगा.