आखाजीच्या चौदा घागरी

माझ्या पहिल्या भट्टीत आखाजीसाठी, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेसाठी, घडवलेल्या 22 छोट्या घागरी होत्या. 14 फुटल्या. आठवडाभर गिरणाकाठच्या मातीला शिव्या दिल्या. खोट माझ्या घाईत होती.

जळगावचा एप्रिल, पारा 43 वर. अंगणात ठेवलेली घागर दोन दिवसांत खणखणीत वाजायला लागते, आणि इथेच माणूस फसतो. ऊन वरची कातडी सुकवतं, बुडाच्या जाडीत ओल तशीच राहते. मी भट्टी तासाला 200 अंशांनी चढवली. पाण्याची वाफ झाली की ती जवळजवळ 1600 पट जागा मागते. बारीक चाळलेल्या मातीत तिला वाट कुठली? तासाभराच्या आतच आत फटाके सुरू. तरी हट्टाने 950 गाठलं.

वेग मी गल्लीतल्या कुंभारबाबांच्या आव्यावरून, म्हणजे उघड्यावर रचलेल्या भट्टीवरून, उचलला होता. पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) आणि गोवऱ्यांवर त्यांची मडकी काही तासांत भाजतात. ते नुसतं म्हणाले, "इतली घाई काबर करस रे भो?" त्यांच्या मातीत राख आणि लीद असते, वाफ त्यातून निघून जाते, आणि आव्याला आधी ते धुरी देतात. हे मला कुंभारकामाच्या शिबिरात कुणी सांगितलं नाही. तिथे तापमानाचे आकडे तेवढे लिहून मिळाले. 'चार तासांत भट्टी' छाप व्हिडिओ तर बघूच नका.

सावलीत वाळवा. बूड गालाला लावा. गार लागलं तर ओल आहे. हात फसतो, गाल फसत नाही. मग भट्टी 80-90 अंशांवर नेऊन दोन-तीन तास थांबा, जाड भांडं असेल तर रात्रभर, भट्टीचा झरोका उघडा ठेवून. पुढेही सुटका नाही: मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी 450 ते 600 अंशांमध्ये सुटतं आणि 573 ला मातीतला क्वार्ट्झ (गारेचं खनिज) एकदम फुगतो. उतरताना तो तिथेच आकसतो, म्हणून गरम भट्टीचं दार उघडू नका.

ग्लेझच्या, म्हणजे काचेसारखा लेप चढवायच्या, भट्टीला तापमानाच्या मीटरपेक्षा कोनवर भरवसा ठेवा; कोन म्हणजे पुरेशी उष्णता मिळाली की वाकणारा छोटा सुळका. सहा नंबरचा कोन तासाला 60 अंशांच्या वेगाने 1222 ला वाकतो, 150 च्या वेगाने 1243 ला.

घाबरू नका, पहिल्या भट्टीत अनेकांची भांडी फुटतात. दुसऱ्या वेळी माझी एकच गेली. त्या चौदा घागरींची खापरं कुटून, चाळून आता मी मातीत मिसळतो.