एमएची क्रेडिट मोजावीत कशी?

माझ्या भाचीने गोवा विद्यापीठातल्या एमएच्या शेवटच्या सेमिस्टरला क्रेडिटचा हिशेब केला तेव्हा बेरीज हवी तेवढी, बरोबर ८० आली. तरीही निकाल अडला. "मावशी, ऐंशी झाली की! आणखी काय पाहिजे त्यांना?" मग कागद पसरून बसलो. विषयाबाहेरचा एक पेपर तिने जास्त घेतला होता, आणि मुख्य विषयातला ऐच्छिक पेपर एक कमी. चूक आमचीच. आम्ही बेरीज बघत होतो, कप्पे, म्हणजे कुठल्या प्रकारच्या पेपरची किती, हे कोणी बघितलंच नव्हतं.

तेव्हा सुरुवात कप्प्यांपासून करा. तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षाचा ऑर्डिनन्स, म्हणजे विद्यापीठाची नियमावली, आणि विषयाचा आराखडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. सिनियरने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला कागद चालणार नाही, कारण नव्या शैक्षणिक धोरणानंतर आराखडे बदललेत. तीन वर्षांच्या पदवीनंतरची एमए दोन वर्षांची, वर्षाला ४० क्रेडिट. चार वर्षांची पदवी असेल तर एकाच वर्षाची, ४० क्रेडिटची सोय आहे. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर पदव्युत्तर डिप्लोमा मिळण्याचीही तरतूद आहे.

आता चौकटीच्या वहीचं एक पान घ्या. डावीकडे कप्पे लिहा: मुख्य विषयाचे सक्तीचे पेपर, त्याच विषयातले ऐच्छिक, संशोधनाशी जोडलेले, विषयाबाहेरचे आणि प्रबंध किंवा इंटर्नशिप. नावं तुमच्या आराखड्यात असतील तीच वापरा. पुढे तीन रकाने: हवेत किती, नोंदवले किती, पास किती. केटी लागलेला, म्हणजे नापास होऊन पुन्हा द्यायचा, पेपर तिसऱ्या रकान्यात जात नाही, कितीही खात्री असली तरी.

क्रेडिट म्हणजे वेळ, हेही लक्षात घ्या. वर्गातल्या शिकवणीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकामाला ३० तास लागतात. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास, पंधरा आठवड्यांत आठवड्याला चार. असे पाच पेपर घेतले की वीस तास वर्गातच गेले. वाचन, टिपणं, असाइनमेंट धरून एका क्रेडिटला एकूण ३० तास मोजले जातात. म्हणजे सेमिस्टरला ६०० तास, आठवड्याला चाळीस! वाळपईहून दोन बस बदलून ताळगावच्या पठारावर येणाऱ्याने दुपारची नोकरी धरण्याआधी हा गुणाकार करावा.

‘स्वयं’ या सरकारी संकेतस्थळावरचे ऑनलाइन कोर्स घ्यायला हरकत नाही. विद्यापीठाने मान्य केले तर एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यातून घेता येतात. फक्त आधी विभागाची लेखी मंजुरी घ्या. कोर्स संपवून मंजुरी मागणारे दरवर्षी निघतात.

मिळवलेली क्रेडिट जमा होतात ते अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं डिजिलॉकरमधून उघडताना आपल्याकडे गोव्यात एक खास गोची होते. जुन्या कागदांवर नाईक आडनावाचं शेवटचं अक्षर पोर्तुगीज वळणाने क्यू-यू-ई, आणि आधारवर नुसतं के. नाव जुळलं नाही तर क्रेडिट खात्यात येताना अडकतात. हे पहिल्याच महिन्यात निस्तरा.

प्रबंधाच्या क्रेडिटचं गणित पंचांग बघून करावं लागतं. समजा, सत्तरी तालुक्यातल्या रणमाल्यावर, म्हणजे तिथल्या लोकनाट्यावर, लिहायचं आहे. रणमालं शिगम्याच्या दिवसांत होतं, म्हणजे चौथ्या सेमिस्टरच्या मध्यावर. तेव्हा रेकॉर्डिंग सुरू केलं तर उतरवून काढायला आणि लिहायला वेळ कुठला? ते काम दुसऱ्या सेमिस्टरच्या शिगम्यालाच करून ठेवा. मार्गदर्शक तिसऱ्या सेमिस्टरमध्ये ठरवा आणि जुनी वर्तमानपत्रं चाळायला पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मधले शनिवार घालवा.

शेवटच्या सेमिस्टरची नोंदणी करण्याआधी ते चौकटीचं पान विभागात दाखवा. तोंडी "हो, बरोबर आहे" वर उठू नका. घरी येऊन ईमेल पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. भाचीने उरलेल्या चार क्रेडिटसाठी पुढे एक अख्खं सेमिस्टर काढलं. तिचं पान अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे, आणि आता धाकटा भाऊ त्यावरून आपलं उतरवून घेतोय.