पद्मासन न येणारी योगशिक्षिका

मला पद्मासन येत नाही. उजवा पाय डाव्या मांडीवर येतो, पण डावा काही वर चढत नाही. गेली अकरा वर्षं मी पुण्यात योगवर्ग घेतेय आणि या क्षेत्रात येऊ पाहणारं कुणी भेटलं की हे आधीच सांगून टाकते.

सुरुवात कंबरदुखीनं झाली. सीएच्या ऑफिसात दिवसभर टॅलीत एंट्र्या करायचे. तिशीतच खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार लागायला लागला, म्हणून घराजवळच्या एका वर्गात नाव घातलं. तिसऱ्या महिन्यात तिथल्या सरांनी माझा अधांतरी राहिलेला गुडघा ‘अजून थोडं’ म्हणत खाली दाबला. कट्‌ असा आवाज झाला. पुढचे सहा आठवडे कठडा धरून जिना उतरत होते. असं का झालं ते बरंच नंतर कळलं. पद्मासनात मांडी खुब्यातून बाहेर वळावी लागते. खुबा वळला नाही तर तो पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघा म्हणजे जवळजवळ बिजागरीच. पीळ पडला की आतली कूर्चेची गादी दुखावते. त्या सरांना हे ठाऊक नव्हतं, असं आता वाटतं. तेव्हा मात्र मी स्वतःलाच दोष देत होते.

योग तिथंच सुटायचा, पण सुटला नाही तो योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांमुळे. त्यांना प्रत्यक्ष कधी भेटले नाही. मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांतून निघालेला हा किडकिडीत मुलगा १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी शिकवायला पुण्यात आला आणि इथलाच झाला, हे वाचलं तेव्हा धीर आला. पट्टे, लाकडी ठोकळे, घोंगड्या, खुर्च्या, भिंतीतले दोर ही सगळी साधनं त्यांनी वापरात आणली, ती आसन माणसाच्या बेतात बसावं म्हणून. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, पाठीला कुबड येतं, कारण मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात आणि ते कटीला मागे ओढतात. बुडाखाली घोंगडीची घडी सरकवली की कटी पुढे झुकते, पाठ आपोआप लांबते. दाबायची गरजच उरत नाही.

मला योगात टिकवणारे दुसरे म्हणजे स्वामी कुवलयानंद. १९२४ साली लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली. उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करताना पोटात नेमकं काय होतं, ते त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. माझ्यासारख्या हिशोबाच्या बाईला हा माणूस पटला. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम मी तिथंच केला. पहिल्या जलनेतीनंतर, म्हणजे एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढल्यावर, नाक नीट कोरडं न करता नाश्त्याला पळाले, दुपारभर कपाळ ठणकत होतं. पुढे वाकून, मान दोन्हीकडे वळवत, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलक्या उच्छ्वासानं पाणी काढायचं असतं. स्वतः चुकल्यामुळे हे शिकवताना मी कधीच विसरत नाही.

आता प्रमाणपत्राचं. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा टप्प्याटप्प्यानं असतात: आधी प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, मग वेलनेस इन्स्ट्रक्टर, मग टीचर अँड इव्हॅल्युएटर. शाळेत किंवा कंपनीत जायचं असेल तर कागद लागतोच. सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये तो कुणी बघत नाही. तिथं ‘मॅडम वेळेवर येतात का’ एवढंच बघतात.

माझ्या पहिल्या वर्गाला चार बायका आणि एक काका होते. मी उत्साहानं प्रत्येक आसन स्वतः करून दाखवत होते. पंधरवड्यानं लक्षात आलं, की मी सर्वांगासनात, खांद्यांवर उलटी असताना माझ्या मागे काय चाललंय ते मला दिसतच नव्हतं. काका लाल चेहऱ्यानं श्वास कोंडून बसले होते, आणि त्यांना बीपी आहे हे मी विचारलंच नव्हतं! तेव्हापासून पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेते: बीपी, काचबिंदू, हर्निया, जुनं ऑपरेशन, गरोदरपण. बीपी किंवा काचबिंदू असेल तर उलटी आसनं आणि कुंभक (श्वास रोखणं) बंद. एकदाच दाखवते, मग सूचना देत वर्गात फिरते. दाखवताना तोंड वर्गाकडे असेल तर ‘उजवा हात वर’ म्हणत आपण डावा उचलायचा. हे आठ दिवस घरी आरशासमोर घोकावं लागतं. हात लावण्याआधी विचारायचं, आणि लावला तरी दिशा दाखवण्यापुरता.

पैशाचं स्पष्ट सांगते. फी महिन्याच्या एक तारखेला आगाऊ घ्या. मे महिन्यात आणि दिवाळीत वर्ग ओस पडतो, २१ जूनला, योगदिनाला मात्र सगळ्यांना तुम्ही फुकट हव्या असता. नोकरी मी दोन वर्षं सोडली नव्हती. पहाटेचा वर्ग घेऊन दहाला ऑफिस गाठायचे.

पतंजलींनी आसनावर जेमतेम तीन सूत्रं लिहिली. पहिलं ‘स्थिरसुखमासनम्’, स्थिर आणि सुखाचं ते आसन. शवासनात घोरणाऱ्या काकांकडे बघून मला ते हमखास आठवतं. परवा एका नव्या मुलीनं विचारलंच, “मॅडम, तुम्ही पद्मासन नाही घालत?” म्हटलं, “नाही गं, माझा खुबा वळत नाही. तुझा वळतो का बघू, आधी पाठीवर झोप.”