‘श्यामची आई’तील प्रतीकांवर रसग्रहण कसे लिहावे

‘श्यामची आई’वर लिहिणाऱ्यांना कळी म्हणजे बालपण, झोपडी म्हणजे गरिबी अशी कोष्टके पाठ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये, कारण अशा कोष्टकातून पुस्तकातल्या एकाही प्रसंगाचा उलगडा होत नाही.

पुस्तक एकदा वाचून झाले आहे, असे मी गृहीत धरतो. दुसऱ्या वाचनात पात्रांच्या हातून वापरली जाणारी प्रत्येक वस्तू तिच्या प्रकरणाच्या नावासह वहीत टिपावी.

यापुढची पायरी अवघड आहे आणि मला सर्वाधिक झगडावे लागले ते इथेच. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात श्याम रात्रीमागून रात्री आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, आणि त्या आठवणींतली आई पुष्कळ गोष्टींचा अर्थ स्वतःच सांगून मोकळी होते. ‘थोर अश्रू’ घ्या. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आई आपल्या लुगड्याचे ओचे धोंडीवर पसरते, आणि पायांना जपतोस तसेच मनालाही जप, असे पुढे त्याला सांगते. पायांची ही घाण प्रतीक म्हणून कधीही लिहू नये. तो दृष्टान्त आहे. त्याचा अर्थ पात्राने सांगितला आणि तिथेच तो पुरा झाला. प्रतीक शोधायचे ते त्याच प्रसंगातल्या त्या लुगड्यात, ज्याविषयी उपदेशात अवाक्षर नाही. मुलाचे पाय स्वच्छ राहावेत म्हणून आईचे वस्त्र ओले होते, आणि श्यामला पुढे कधीच न फेडता येणारे ऋण इथेच, एका क्षुल्लक हट्टातून, सुरू होते.

हीच कसोटी ‘अळणी भाजी’ला लावावी. भाजीत मीठ नाही हे वडील बोलून दाखवत नाहीत, म्हणून श्यामही गप्प राहतो. चूक कळल्यावर आई मात्र हळहळते. कष्टाने रांधणाऱ्या बाईचे मन राखण्यासाठी मुकाट्याने घेतलेला तो घास मला या पुस्तकातला क्षमेचा सर्वांत खरा क्षण वाटतो. ‘क्षमेविषयी प्रार्थना’ असे एक प्रकरण आहे खरे, पण केवळ शीर्षकात क्षमा दिसली म्हणून शोध तिथे थांबवणे हा आळस आहे.

त्यानंतर टिपलेली प्रत्येक वस्तू पुन्हा तपासावी: ती त्या वयातल्या मुलाला तेव्हा तशी दिसली असेल, की आई गमावलेला प्रौढ श्याम तिच्याकडे तसे पाहतो आहे? आईच्या अखेरच्या क्षणी श्याम तिच्याजवळ नव्हता. तो घरी पोहोचला तेव्हा सारे संपले होते. त्यामुळे ओच्यांची, भाजीची, पोहायला जावे म्हणून खाल्लेल्या माराची आठवण सांगताना तो आता तिच्यापाशी जे मागता येत नाही ते मित्रांसमोर मांडतो आहे, असे मी वाचतो. मुलाच्या आणि सांगणाऱ्याच्या नजरेतले हे अंतर दाखवता आले नाही, तर श्यामच्या घडण्याविषयी काहीच लिहिले गेले नाही असे समजावे.

लिहिताना दोन वस्तू पुरतात. प्रत्येक विधानासोबत प्रकरणाचे नाव द्यावे, आणि आचार्य अत्रे यांच्या १९५३च्या चित्रपटातले दृश्य पुस्तकाचा पुरावा म्हणून वापरू नये.