बॉनेट वाकलंय, लागत नाही? दोरी बांधण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या रांगेत माझी गाडी पुढच्या टेम्पोला मागून धडकली. वेग जेमतेम पंधरा-वीसचा. टेम्पोला ओरखडा नाही, आमचा बंपरही शाबूत. बॉनेटची पुढची कड मात्र कौलारू छपरासारखी मधोमध वर आली होती. टेम्पो-ट्रकचा मागचा सांगाडा कारच्या बंपरपेक्षा उंच असतो. त्यामुळे बंपर त्याच्याखाली शिरतो आणि सगळा मार बॉनेटच्या नाकावर बसतो. आपल्याकडे अशा टकरी रोज होतात, आणि नवं बॉनेट, रंग, मजुरी असा आकडा ऐकला की माणूस पहिल्यांदा डिकीत दोरी शोधतो. गॅरेजपर्यंत पोचायला दोरी चालते. तीच दोरी बांधून पुढचे दोन महिने फिरणारे लोक पाहिले की मला खरंच भीती वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आपटून बघू नका

बॉनेट लागत नाही म्हटल्यावर हात आपोआप ते जोरात आपटतो. वाकलेलं बॉनेट आपटलं की त्याच्या खालचा लोखंडी हूक आणखी वाकतो. किंवा त्याहून वाईट, ते कसंबसं अडकून बसतं, आणि धक्क्यात बॉनेट उघडायची केबल निसटलेली असेल तर पुन्हा उघडतच नाही. मग आत रेडिएटर गळतोय का, हे बघायलाही पुढची जाळी काढावी लागते.

त्याआधी पाच मिनिटं द्या. बॉनेट वर टेकवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने लॉकचा जबडा वरून खाली दाबा, जसा बॉनेटचा हूक दाबतो तसा. बहुतेक गाड्यांत दोनदा 'टक्' असा आवाज येतो, पहिला अर्ध्या लॉकचा, दुसरा पूर्ण. आता गाडीत जाऊन बॉनेट उघडायचा खटका ओढा. जबडा झटकन सुटला तर लॉक आणि केबल दोन्ही ठीक आहेत, दोष जागेचा आहे. एकही टक् आला नाही तर आधी माती आणि गंज बघा, फवारणीचं तेल मारा आणि पुन्हा दाबा. जबडा दाबला तरी पकडत नसेल, तर केबल ताणलेली राहिली आहे का तेही तपासा. लॉक जिच्यावर बसवलेलं असतं ती पुढची पट्टी वाकली की केबल ओढली जाते आणि लॉक कायम उघडंच राहतं. बोटाने सरकवून उघडायचा सेफ्टी कॅचही हलवून बघा. तो स्प्रिंगने आपसूक मागे यायला हवा. लॉक सुटलं तर बॉनेट धरून ठेवणारा तो शेवटचा आधार आहे.

माझ्या गाडीत दोन्ही टक् नीट येत होते. रेडिएटरवरची आडवी पट्टी लॉकसकट साधारण सेंटीमीटरभर मागे गेली होती, एवढंच. गॅरेजमधल्या काकांनी हुकाला बोटभर ग्रीस लावलं, बॉनेट हलकेच टेकवलं आणि परत उचललं. ग्रीसचा डाग लॉकच्या पुढच्या ओठावर उमटला होता. "बघा दादा, इथं मारतोय तो," एवढंच बोलून त्यांनी लॉकचे बोल्ट दहाच्या पान्याने सैल केले. बोल्टची भोकं लांबट असतात, लॉक थोडं सरकतं. मूळ जागेवर आधी मार्करने रेघ मारली, मग लॉक सरकवलं, बोल्ट कसले. कडेचे रबरी गुटके फिरवून उंची जुळवली. वीस मिनिटांत काम झालं, दोनशे रुपये घेतले. बॉनेट दिसायला वाकडंच राहिलं, पण लॉक पक्कं बसलं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणाल तर हाच.

बिजागरी न बघता दोरी बांधणं

मला सगळ्यात धोक्याची वाटणारी चूक ही. सगळे पुढची कड बघतात, काचेजवळच्या बिजागऱ्या कोणी बघत नाही. पुढून धक्का बसला की बॉनेट मागे सरकतं आणि तो जोर बिजागऱ्यांवर येतो. बोल्टभोवतीचा रंग तडकलाय का, बॉनेट आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, बॉनेटचा मागचा कोपरा काचेकडे आलाय का, ते बघा. बॉनेट धरून डावी-उजवीकडे हलवा. बिजागरी खेळत असेल तर पुढे कितीही बांधा, बॉनेट मागून सुटून थेट काचेवर येऊ शकतं. अशा वेळी पैसे टोइंगवर घालवा. मी इथे दुसरा सल्ला देणार नाही.

हाताला लागेल त्याने बांधणं

चिकटपट्टी इंजिनाच्या उष्णतेने आणि पावसाने सुटते. रबरी बंजी ताणली जाते, हेच तिचं काम. वाऱ्याने बॉनेट उचललं की ती लांबते आणि बॉनेट वर-खाली आपटत राहतं. तिचा हूक सुटून डोळ्याला लागला तर आयुष्यभराचं नुकसान. झिप टाय लॉकच्या जागी कधीच नको, लोंबणारी जाळी किंवा वायर धरायला ठीक.

बांधकामावरची बाइंडिंग तार मात्र सगळ्यांना भक्कम वाटते. ती मऊ असते, पिळून पिळून आणि थरथरून एका ठिकाणी तुटते. शिवाय बॅटरी बॉनेटखालीच असते. तारेचं टोक आत गेलं आणि बॅटरीच्या प्लसला लागलं की शॉर्ट. धूर आला तर तार सोडवायला पक्कड शोधत बसाल. एका झटक्यात हाताने सोडता येत नाही अशा कशानेही बॉनेट बांधू नका.

मग काय वापरायचं? सामान बांधायचा, खटका मागेपुढे करून कसायचा (रॅचेट) पॉलिएस्टर पट्टा. नायलॉन भिजल्यावर जास्त ताणला जातो, बाजारातली स्वस्त प्लास्टिकची दोरी उष्णतेने आणि उन्हाने लवकर मरते. पॉलिएस्टर त्या मानाने टिकतो. दोन पट्टे घ्या, हेडलाइटच्या आतल्या बाजूने एकेक. पट्टा जिथे वाकलेल्या पत्र्याच्या कडेवरून जातो तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा किंवा पाण्याच्या पाइपचा चिरलेला तुकडा घाला, नाहीतर ती कड सुरीसारखी पट्टा कापते. ताणण्याआधी पट्ट्याला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो, घुमतो आणि ढिला होतो. पीळ दिला की गप्प बसतो. उरलेलं टोक गुंडाळून बांधा, मोकळं टोक खाली फॅनमध्ये जातं. रेडिएटरचा फॅन गाडी बंद केल्यावरही चालू होऊ शकतो, हे अनेकांच्या लक्षात नसतं.

खटका फार कसू नका. त्याचा जोर इतका असतो की वाकलेलं बॉनेट आणखी दुमडतं आणि आतला पत्रा रेडिएटरवर दाबला जातो. बॉनेट हाताने उचलून हलत नाही, इतकं पुरे.

आणि पट्ट्याचं खालचं टोक बंपरला किंवा प्लास्टिकच्या जाळीला अडकवू नका. बंपर वरून दणकट दिसतो, पण तो प्लास्टिकचा मुखवटा आहे, क्लिपांवर बसलेला. जाळीच्या फटीतून मागची लोखंडी आडवी पट्टी दिसते, किंवा टोइंगचा हूक लावायची जागा असते, तिथे अडकवा. रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, पाइप, वायरिंग यांच्यावरून पट्टा नेऊ नका. नंबरप्लेट आणि हेडलाइटही उघडे राहू द्या.

"शहरात तर काही झालं नाही"

इथे थोडं गणित. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. बॉनेटची कड उघडी असेल आणि वारा खाली शिरत असेल, तर छोट्या गाडीच्या बॉनेटवर ताशी 40 किलोमीटरला ढोबळ मानाने 9 किलोचा जोर येतो, 80 ला तो 36 किलोवर जातो. बॉनेट स्वतः साधारण 10 ते 15 किलोचं. म्हणजे सिग्नल ते सिग्नल ते स्वतःच्या वजनानेच खाली बसलेलं असतं, पट्ट्याची परीक्षा झालेलीच नसते. ती होते हायवेवर, समोरून एसटी किंवा ट्रेलर सप्पकन गेला की. म्हणून वेग 40 च्या आत ठेवा, एक्सप्रेसवे टाळा, पहिल्या किलोमीटरनंतर उतरून पट्टे हाताने तपासा आणि मग दर आठ-दहा किलोमीटरनंतर.

तरीही बॉनेट काचेवर आलंच, तर करकचून ब्रेक मारू नका, मागचा तुमच्यावर येईल. पार्किंगचे चारही दिवे लावा, स्टिअरिंग सरळ धरा, सीटमध्ये खाली झुका. पुष्कळ गाड्यांत बिजागरीपाशी बॉनेट आणि काचेच्या मध्ये बोटभर फट राहते, तिच्यातून रस्ता दिसतो. हळूहळू वेग उतरवत डावीकडे घ्या.

निघण्याआधी गाडीखाली एकदा वाका. एसीचं पाणी बिनरंगी असतं. हिरवा, गुलाबी किंवा लाल थेंब दिसला तर तो कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं पाणी. मग पट्टा असो वा नसो, गाडी हलवायची नाही.

विमा आणि पोलीस

काहीही सरळ करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आधी ठोकठाक आणि मग क्लेम, असं केलं की विमा कंपनीच्या सर्व्हेअरला नुकसान दाखवायला काही उरत नाही. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या बॉनेटचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विम्यातही 1500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला पहिले 1000 रुपये, त्यावरच्या गाडीला 2000 आपल्यालाच भरावे लागतात, आणि 20 ते 50 टक्क्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जाऊ शकतो. थोडक्या दुरुस्तीसाठी हा हिशेब आधी मांडा. रस्त्यावर धोका होईल अशा अवस्थेतली गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली गुन्हा आहे, त्यामुळे "बांधलंय ना साहेब" हे उत्तर पुरेसं नाही.

पिना की जुनं बॉनेट?

लॉक दुरुस्तच होत नसेल तर रॅलीच्या गाड्यांसारख्या बॉनेट पिना (बॉनेटमधून वर येणारा दांडा आणि त्यात अडकवायची पिन) बसवता येतात. एक पुरत नाही, दोन लागतात, आणि त्यांचे दांडे लोखंडी पट्टीलाच हवेत. भोक पाडण्याआधी खाली काय आहे ते बघा. ड्रिल थेट कंडेन्सरमध्ये गेल्यावर दोनशेचं काम हजारोंचं होतं. एअरबॅगचा सेन्सरही पुष्कळ गाड्यांत याच भागात असतो. पाडलेल्या भोकाला लगेच प्रायमर लावा, कोकणात तर त्याच दिवशी.

पत्रा फारच दुमडला असेल तर मी जुनं बॉनेट घेण्याच्या बाजूचा आहे. मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ अशा ठिकाणी चौकशी करता येते. जाताना आपल्या बॉनेटच्या हुकाचा, बिजागरीच्या भोकांचा आणि पाण्याच्या फवाऱ्याच्या जागेचा फोटो घेऊन जा. एकाच मॉडेलचं बॉनेट वर्षागणिक थोडं बदललेलं असतं. विकत घेण्याआधी उलटं करून आतली चौकट बघा, तिच्यावर वेल्डिंगचे ठिपके किंवा पुट्टी दिसली तर ते आधीच एकदा ठोकलेलं आहे. रंग जुळला नाही तरी चालेल. बसवल्यावर ते वीत-दीड वीत उंचीवरून सोडा, दुसरा 'टक्' ऐका, आणि मगच जुना पट्टा सोडून डिकीत टाका.