यॉर्कशायरच्या ज्युरासिक कोळशातली पानं: नव्यानं या कामात येणाऱ्यांसाठी

मी विदर्भात भूशास्त्र शिकले आणि जीवाश्म वनस्पतींवर काम करायला इंग्लंडला गेले. चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात शिकलेल्या माणसाच्या डोक्यात कोळसा म्हटलं की ग्लॉसॉप्टेरिस हे जिभेच्या आकाराचं जीवाश्म पान येतं, कारण आपला तिथला कोळसा पर्मियन काळातला आहे. यॉर्कशायरचा कोळसा त्याहून दहा कोटींपेक्षा जास्त वर्षांनी धाकटा. त्यात ग्लॉसॉप्टेरिस नाहीच. तरी सॅजेनॉप्टेरिस या तिथल्या पानाची सुटी पर्णिका हातात आली, तिची मधली शीर आणि शिरांची जाळी दिसली, की आपल्याकडचा विद्यार्थी पटकन जुनं नाव घेतो. नीट बघा: मधली शीर टोकाकडे विरत जाते, आणि नशिबानं अख्खं पान मिळालं तर देठाच्या टोकाला अशा चार पर्णिका एकत्र दिसतात.

जागा थोडक्यात सांगते. स्कारबरो आणि व्हिटबीच्या किनाऱ्यावरचे कडे आणि आतलं नॉर्थ यॉर्क मूर्सचं पठार, इथे रेव्हन्सकार गटाचे खडक आहेत, मध्य ज्युरासिक, साधारण सतरा कोटी वर्षांपूर्वीचे. सॉल्टविक, क्लॉटन आणि स्कॅल्बी हे थर नद्यांच्या गाळाचे. मधूनमधून समुद्र आत येऊन गेला, त्याचे थर वेगळे ओळखू येतात. दलदली टिकल्या तिथे कोळसा झाला, पण पातळ, बहुतेक ठिकाणी फूटभरसुद्धा नाही. तरी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लोकांनी पठारावर उथळ खड्डे खणून तो काढला आणि चुनाभट्ट्यांत जाळला. आपल्यासारख्या उघड्या खाणी बघायला मिळतील या आशेनं जाऊ नका. आणि व्हिटबीच्या दुकानांत दागिने होऊन विकलं जाणारं काळं 'जेट' म्हणजे हा कोळसा नव्हे. ते त्याखालच्या, आधीच्या काळातल्या सागरी शेलमध्ये गाडलेलं लाकूड आहे.

कोळशापेक्षा कोळशाच्या आसपासचा बारीक, राखाडी चिखलखडक महत्त्वाचा, कारण पानं त्यात टिकतात. केटन बेजवळचा ग्रिस्थॉर्प थर त्यातला सर्वांत नावाजलेला. तिथल्या फळांसारख्या अवयवांवरून वनस्पतीशास्त्रज्ञ हॅमशॉ थॉमस यांनी 1925 मध्ये केटोनिया ही नामशेष वनस्पती मांडली, तेव्हा सपुष्प वनस्पतींचा पूर्वज सापडला असं वाटलं होतं. पुढे टॉम हॅरिस यांना परागकण थेट बीजांडाच्या तोंडाशी मिळाले (सपुष्प वनस्पतींत ते बाहेर कुक्षीवर पडतात) आणि तो दावा मागे पडला. सॅजेनॉप्टेरिस हे केटोनियाचंच पान. पान, फळ आणि परागकोश यांना तीन वेगळी नावं आहेत, त्यावर चिडू नका. अवयव एकमेकांना जोडलेले सहसा मिळत नाहीत म्हणून ही सोय आहे. काही दिवसांत अंगवळणी पडते.

आता मुख्य सापळा. मीही यात बराच काळ अडकले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

या थरांत लांब, पट्टीसारखी, मध्ये एक जाड शीर आणि तिच्यापासून आडव्या निघणाऱ्या बारीक शिरा असलेली पानं भरपूर मिळतात. बाहेरून ती सगळी एका घरातली वाटतात. त्यातली काही निल्सोनिया, म्हणजे सायकडच्या (ताडासारख्या दिसणाऱ्या, शंकू धरणाऱ्या झाडांच्या) बाजूची. काही निल्सोनिऑप्टेरिस, म्हणजे बेनेटाइट गटातली. हा गट पूर्ण नामशेष झालेला आहे आणि त्याच्या फुलांची रचना सायकडच्या शंकूंपासून फार दूरची आहे. म्हणजे एका नावाच्या चुकीनं तुम्ही झाडाचा अख्खा वंश बदलता. टीनिऑप्टेरिस (हे नुसत्या आकारावरून दिलेलं नाव) व्हिटाटा म्हणून जुन्या पेट्यांत ठेवलेलं पान बेनेटाइट निघालं, आणि विल्यमसोनिएला हे त्याच झाडाचं फूल ठरलं.

आकारावर का विसंबायचं नाही? निल्सोनियात पानाचं पातं मधल्या शिरेच्या वरच्या अंगाला चिकटतं आणि तिला झाकतं. निल्सोनिऑप्टेरिसमध्ये ते दोन्ही कडांना चिकटतं. पुस्तकात वाचायला सोपं आहे. पण दाबलेलं पान खडकात कुठल्या बाजूनं फुटलं, वरची बाजू दिसते आहे की खालची, हे हातभिंगाखाली कळत नाही. खालून पाहिलं की दोन्हींत शीर उघडीच दिसते. शिरा फाटे फोडतात का, हीही खूण सांगतात. निल्सोनियात त्या बहुधा सरळ जातात. पण निल्सोनिऑप्टेरिसच्या तुकड्यातही फाटा नेमका मिळेलच असं नाही.

उत्तर क्युटिकलमध्ये, म्हणजे पेशींचे ठसे धरून ठेवणाऱ्या पानावरच्या पातळ मेणचट पापुद्र्यात आहे. थॉमस आणि नेली बॅनक्रॉफ्ट यांनी 1913 मध्येच ते दाखवून दिलं. बेनेटाइटमध्ये पर्णरंध्राच्या दोन रक्षक पेशींना दोन्ही बाजूंनी एकेक साहाय्यक पेशी बिलगलेली असते, आणि आजूबाजूच्या पेशींच्या भिंती सहसा नागमोडी असतात. निल्सोनियात रंध्राभोवती साहाय्यक पेशींचं कडं असतं आणि भिंती बहुतेक सरळ. एकदा ही दोन चित्रं शेजारी शेजारी पाहिली की विसरणं अवघड. म्हणून माझं ठाम मत: क्युटिकल पाहिल्याशिवाय पट्टीसारख्या पानावर नावाची चिठ्ठी लावू नका. 'टीनिऑप्टेरिससारखं पान' एवढंच लिहा. ते कमीपणाचं नाही, ते खरं आहे.

फोटो पाठवून नाव विचारणं हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. समोरचा कितीही जाणता असला तरी तो आकारच बघतो. जुन्या ग्रंथांतल्या चित्रांशी पान ताडून बघायला लावणारे मार्गदर्शकही माझ्या मते विद्यार्थ्याचं नुकसान करतात. ज्यांनी मला पहिल्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि आजच्या सायकसच्या पानाचं क्युटिकल काढायला लावलं, त्यांच्यामुळे मी या विषयात टिकले. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या बघू नका. त्यांचे विद्यार्थी स्वतः स्लाइड करतात का, ते विचारा.

स्लाइडची कृती सगळ्यांना ठाऊक असते: नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेट, पान काळ्याचं तपकिरी होईपर्यंत, मग धुऊन पातळ अमोनिया, की वरचं आणि खालचं क्युटिकल सुटं होतं. पण क्लोरेट सेंद्रिय पदार्थाबरोबर धोकादायक आहे. ते कागदावर सांडू देऊ नका, मिश्रण साठवू नका, धूरकपाटाबाहेर (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) काम करू नका. खडकाचे कण काढायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागलं तर प्रशिक्षण घेतल्याशिवाय आणि एकट्यानं बाटली उघडायचीच नाही. कुणी 'थोडंसंच आहे' म्हणालं तरी नाही. घाई झाली की पान आम्लात विरघळून जातं, हे सगळ्यांचं होतं. त्यासाठी नमुन्याचा अर्धा भाग कायम राखून ठेवा आणि मन खट्टू करून घेऊ नका.

किनाऱ्यावर जाण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. कड्याखाली अडकायला वेळ लागत नाही, आणि कडे ढासळतात. बऱ्याच जागा संरक्षित आहेत. परवानगीशिवाय कड्यावर हातोडा चालवायचा नाही. खाली पडलेल्या दगडांत खूप काही मिळतं. नमुना उचललात की कुठल्या थरातला आणि कुठल्या बाजूचा, ते तिथेच वहीत लिहा.

इतक्या दूर जाणं जमणार नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्या सिरोंच्याजवळचा कोटा थर ज्युरासिक आहे, पण तो गाजला माशांमुळे आणि बरापासॉरस या डायनोसॉरमुळे. पानांसाठी राजमहाल टेकड्या आणि कच्छ बघा. टिलोफायलम हे बेनेटाइट पान तिथेही आहे आणि यॉर्कशायरमध्येही. आपले जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनी केंब्रिजला वनस्पतीशास्त्रज्ञ सिवर्ड यांच्याकडे शिकले, आणि यॉर्कशायरच्या ज्युरासिक वनस्पतींची 1900 सालची सूची सिवर्ड यांचीच. साहनींनी 1932 मध्ये राजमहालच्या विल्यमसोनिया या बेनेटाइट वनस्पतीला सिवर्ड यांचं नाव दिलं. लखनौच्या साहनींच्या संस्थेतले नमुने बघण्यासाठी रीतसर पत्र लिहा, आणि त्यात नेमका कुठला नमुना, कशासाठी, हे स्पष्ट मांडा. 'जीवाश्म बघायचे आहेत' एवढ्यावर कुणाला मदत करता येत नाही. 'टिलोफायलमच्या खालच्या क्युटिकलची तुलना करायची आहे' असं लिहिलंत तर कुठलं कपाट उघडायचं हे समोरच्याला कळतं.